कोठीतली ऊब

श्रावण सरत आला की एका सकाळी मी पत्र्याच्या कोठीचं झाकण काढते, बाही वर सारते आणि कोपरापर्यंत हात ज्वारीत घालते. धान्य चांगलं असेल तर हाताला गार लागतं. बाहेर पाऊस, घरात दमट हवा, पण दाण्याच्या पोटात माठाला बाहेरून हात लावल्यावर लागतो तसा गारवा असतो. दाणे बोटांमधून सळसळत सरकतात. हात बाहेर काढला की थोडी पांढरट धूळ लागलेली असते, बस.

चार वर्षांपूर्वी हात घातला आणि मधोमध ऊब लागली. निजलेल्या मांजराच्या पोटाला हात लागावा तशी.

ऊब हा आपल्याकडे किती मायेचा शब्द. गोधडीची ऊब, चुलीची ऊब, आईच्या कुशीची ऊब. ज्वारीत ती लागली की मात्र पोटात धस्स होतं. दाण्याच्या आत कीड खात असते, श्वास घेत असते. हजारो जीवांची ती उष्णता ढिगाच्या मध्यात कोंडून राहते. तिच्यामुळे ओल एका जागी धरते, ओलीवर बुरशी येते आणि बघता बघता धान्याचा गोळा होतो. हात सांगतो तेव्हा निम्मं काम होऊन गेलेलं असतं.

मी दोन ओंजळी परातीत काढल्या. टोके. कृषीच्या पुस्तकात यांना सोंडे म्हणतात, कारण तोंड पुढे निमुळतं होत सोंडेसारखं झालेलं असतं. तांदळाच्या कणीएवढा तपकिरी जीव. परात हलवली की सगळे पाय पोटाशी घेऊन निपचित पडतात, अगदी मेल्यासारखे. नजर न हलवता मिनिटभर थांबलं की एक चालू लागतो, मग दुसरा, मग सगळी परात चालू लागते. दाण्यांना सुईने पाडल्यासारखी गोल भोकं होती. चिमटीत धरलेला दाणा नुसत्या दाबाने चुरला. आत काही उरलंच नव्हतं.

आणि वर, कडेला, मी वैशाखात घातलेला कडुनिंबाचा पाला जसाच्या तसा होता.

मी गावी थोरल्या काकूला फोन लावला. पाला घालूनही ज्वारी किडली, म्हणाले. मला वाटलं ती विचारेल पाला किती घातला, कुठल्या झाडाचा. तिने पाल्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"ऊन किती दिलंस?"

दिलंच नव्हतं. धान्याच्या दुकानातून पोतं आलं, त्याच दिवशी कोठीत ओतलं, वर पाला पसरला. पालाही सकाळी तोडून दुपारी घातलेला, पुरता सुकलेला नव्हता. म्हणजे मी स्वतःच्या हाताने धान्यात ओल नेऊन ठेवली होती.

"मग पाला काय करणार गं?" काकू म्हणाली. "चोर आत घेतलास आन् दाराला कडी लावलीस."

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळी, खोल, भेगाळणारी जमीन, आणि रब्बीची ज्वारी म्हणजे सगळं काही. मालदांडीची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुसरी ज्वारी गोड लागत नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. फाल्गुनात खळं व्हायचं आणि चैत्रात धान्य आत यायच्या आधी आमच्या अंगणात, माळवदावर म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, रस्त्याच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे ज्वारी पसरलेली असायची. आम्हा पोरांना काम एकच, पायाने दाणे उलथत चालायचं. तळपाय भाजायचे. तीन दिवस, कधी चार. तिसऱ्या दिवशी काकू वाकून एक दाणा उचलायची, दाढेखाली धरायची. कटकन वाजला तर झालं. नुसता दबला, चिवटपणे चेपला, तर आणखी एक ऊन.

आज मला त्या कटकन आवाजाचा अर्थ आकड्यांत सांगता येतो. साठवायच्या दाण्यात दहा-बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल नसावी असं शास्त्र सांगतं, आणि दाणा त्याहून कोरडा होत गेला की सोंड्यांची पैदास मंदावते. पन्नास अंशांच्या वर तापलेल्या दाण्यात आतली अळीही वाचत नाही. सोलापूरकडच्या एप्रिलमधलं माळवद ते काम फुकटात करतं. पेरणीचं बियाणं मात्र असं भाजायचं नाही, त्याची उगवण जाते. काकू बियाण्याची कणसं वेगळी बांधून आढ्याला टांगायची. खालच्या चुलीच्या धुराने ती काळी होत राहायची.

उन्हातून उचललेली ज्वारी ती लगेच भरत नसे. रात्रभर घरात पसरून ठेवायची, निवू द्यायची. गरम दाणा बंद कणगीत गेला की त्याला घाम फुटतो. कणगी निरगुडीच्या फोकांची विणलेली, आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपलेली. दरवर्षी नव्याने लिंपायची, कारण जुन्या फटींतच गेल्या वर्षीचे टोके दडून बसलेले असतात. आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, पाला. सावलीत आठ दिवस सुकवलेला, मुठीत धरला की कुरकुरणारा. तळाला एक थर, हातभर ज्वारी, पुन्हा थर, आणि वरच्या तोंडाला जाड थर. तोंडावर झाकण, झाकणाभोवती शेणाचा लेप.

माझ्या डोक्यात त्यातला फक्त पाला राहिला होता. शहरात आलेल्या पुष्कळ जणींच्या डोक्यात तेवढाच राहतो.

त्या श्रावणानंतर मी या विषयाच्या मागे लागले. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका वाचल्या, कीटकशास्त्राची पाठ्यपुस्तकं वाचली, आणि दरवेळी गावी गेले की काकूच्या खाटेशी बसले. या सगळ्यात मला सर्वात जास्त हलवून गेलेली गोष्ट अंड्यांची आहे.

आमच्या घरात तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावायचे. किलोला लहान चमचाभर तेल तळहातावर घ्यायचं आणि डाळ चोळत राहायची, दाण्यादाण्याला चकाकी येईपर्यंत. मूग-मटकीच्या बियाण्याला गोवरीची चाळलेली राख. ज्वारीला पाला. मी एकदा लहानपणी विचारलं होतं, ज्वारीला तेल का नाही लावायचं? काकू म्हणाली, "ज्वारीचं किडं येगळं, डाळीचं येगळं." मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं.

ते पूर्ण उत्तर होतं. ज्वारी-गव्हातली सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एकच अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाचा बूच बसवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आतच जन्मते, आतच वाढते, आतच कोष करते आणि पावसाळी हवेत महिना-सव्वा महिन्याने भोक पाडून बाहेर येते. एक मादी अशी ३०० च्या आसपास अंडी घालू शकते. बंद दाण्याच्या आतल्या अळीला तेल काय करणार आणि पाला काय करणार? तिला ऊनच मारतं. पाल्याचं काम त्यानंतरचं, बाहेरून नव्याने येणाऱ्यांना नकोसं करण्याचं.

कडधान्यातला भुंगा मात्र अंडं दाण्याच्या सालीवर बाहेरून चिकटवतो. किडलेल्या मुगावर पांढरे ठिपके दिसतात, ती हीच अंडी. ही लागण पुष्कळदा शेतातल्या शेंगेवरच झालेली असते आणि कीड आपल्याबरोबर घरी येते. आता तेलाचा हात काय करतो ते बघा. साल गुळगुळीत झाली की मादीला अंडं नीट चिकटवता येत नाही, आणि चिकटलेल्या अंड्याची हवा तेलाच्या थराने बंद होते. अंडं जागीच गुदमरतं. त्यातून हा भुंगा अख्ख्या दाण्यावर जास्त पोसतो, भरडलेल्या डाळीवर त्याचं नीट जमत नाही. तूर अख्खी ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यातच जात्यावर भरडून डाळ करून ठेवायची, वर एरंडेल लावायचं, यातली एकही गोष्ट उगाच नव्हती. राखेचंही तसंच. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरून टाकते, किड्याला हलायला जागा ठेवत नाही, आणि त्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडून काढते. तो थर गेला की त्याच्या अंगातलं पाणी टिकत नाही.

कुणी अंडं भिंगाखाली बघितलं नव्हतं. तरी कुठल्या धान्याला काय लावायचं हे त्या किड्याच्या अंडी घालायच्या रीतीशी इतकं नेमकं जुळतं की मला आजही बसल्या जागी भरून येतं. किती घरांत किती पोती वाया गेल्यावर हे हाताला कळलं असेल?

आता धाकट्या भावाच्या घरचं सांगते. हे लिहावं की नाही याचा मी फार दिवस विचार केला.

काकूच्याने होईना तेव्हा धान्याचं काम भावाकडे आलं. त्याला वेळ कुठून? त्याने तालुक्याच्या गावाहून एका दुकानातून सुट्या गोळ्या आणल्या, कागदाच्या पुडीत, नाव नाही, सूचना नाही. सगळेच टाकतात, त्यानेही टाकल्या. पोती माजघरात होती आणि माजघरातच मुलं झोपायची. पावसाळ्याच्या रात्री खिडक्या बंद. पहाटे भावजयीला लसणासारखा, सडक्या माशासारखा वास आला, आणि पाठोपाठ सहा वर्षांच्या पोराला उलट्या सुरू झाल्या. भावाने त्याला मोटरसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात नेलं. चार दिवस गेले. पोरगा वाचला.

त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम. मोठ्या गोदामांत पोत्यांच्या थप्पीवर जाड प्लास्टिक घालून, कडा बंद करून, प्रशिक्षित माणसांकडून हे काम होतं, आणि तिथे त्याला तोड नाही हेही खरं. लाखो टन धान्य पाल्याने राखता येणार नाही. पण हा वायू माणसाच्या शरीरात गेला तर त्याला उतारा नाही. कायद्याने या गोळ्या वाटेल त्याला, वाटेल तिथे विकायला परवानगी नाही. तरी त्या पुडीत मिळतात. गव्हाबरोबर किडे रगडले जातात ही म्हण आपण सहज वापरतो. त्या रात्री ती उलटी झाली होती, किड्यांबरोबर आमचं पोर रगडलं जायचं राहिलं.

म्हणून मला घरगुती उपायांबद्दल कुणी नुसतं "पूर्वीचे लोक हुशार" म्हटलेलं चालत नाही, आणि "काय ते बायकी उपाय" म्हटलेलं तर मुळीच चालत नाही. दोन्हीकडे बारकावा गळून जातो, आणि जीव बारकाव्यावर अवलंबून असतो.

कडुनिंबाचाच बारकावा घ्या. पाल्यापेक्षा खरी ताकद निंबोळीच्या मगजात आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसलं की टोळांनी सगळं हिरवं खाल्लं, कडुनिंबाची झाडं सोडली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीचं पाणी पिकावर फवारून टोळ त्याला तोंड लावत नाहीत हे दाखवलं. १९६८ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातलं अॅझाडिरॅक्टिन वेगळं काढलं. त्याने कीड पटकन मरत नाही. तिची भूक जाते, अंडी घालणं कमी होतं, अळीला वेळेवर कात टाकता येत नाही. आणि हे द्रव्य उन्हात लवकर विरतं. सावलीत सुकवायचं ते त्यासाठी. अंधाऱ्या कणगीत ते अधिक टिकतं.

मग आपल्या बायकांनी निंबोळी सोडून पाला का घेतला? मला वाटतं, उत्तर पंचांगात आहे. ज्वारी भरायची चैत्रात, तेव्हा कडुनिंबाला कोवळी पालवी आणि मोहोर असतो. निंबोळ्या पिकून पडतात ज्येष्ठ-आषाढात, पाऊस सुरू होताना. निंबोळी वापरायची तर आदल्या वर्षीची, धुऊन, सावलीत सुकवून, बुरशी लागू न देता नऊ महिने सांभाळलेली हवी. मी आता ते करते. आमच्या रस्त्यावर दोन जुने कडुनिंब आहेत. जूनमध्ये पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, हाताला चिकट गर लागतो. गर चोळून धुते, बिया जुन्या साडीवर पंख्याखाली पसरते. चैत्रात टरफल फोडून मगज कुटते. बियाण्यासाठी क्विंटलला एक-दोन किलो भुकटी थेट मिसळतात. खायच्या धान्यात मी ती मिसळत नाही, कडवटपणा भाकरीत उतरतो.

सगळंच झाडाचं म्हणून निर्धोक नसतं हेही सांगायला हवं. वेखंडात बीटा-असारोन आहे, त्याने किड्यांची वीण बंद होते, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते घातक ठरलं आहे. माझ्याकडे वेखंड कपड्यांच्या कपाटात असतं, धान्यात नाही. सीताफळाच्या बियांची पूड जालीम असते, डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं. आणि पाऱ्याच्या टिकड्या तर झाडाच्याही नव्हेत. ज्यांच्या डब्यात अजून त्या आहेत त्यांनी आज काढाव्यात. रवा-मैद्यात लवंगा टाकतात, टाकाव्यात, पण तिथे खरं काम घट्ट झाकण करतं. त्याआधी पुडा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर आतली अंडीच संपतात.

कडुनिंबाचा एक खटला मला नेहमी आठवतो. अमेरिकेची एक कंपनी आणि तिथलं कृषी खातं यांना निंबोळीच्या तेलापासून बुरशीनाशक करण्यावर १९९४ मध्ये युरोपचं पेटंट मिळालं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातल्या सोबतिणींनी त्याला आव्हान दिलं. २००० साली म्युनिकमध्ये ते रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. विषय धान्यातल्या किडीचा नव्हता, तरी आपल्याला जवळचा आहे, कारण २००० च्या निकालात महत्त्वाचा ठरलेला पुरावा १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत झालेल्या वापराचा होता. तारीख होती, जागा होती, साक्ष होती. काकूच्या कणगीची तारीख कुठेच नाही. दाणा दाढेखाली धरायचा हे तिने कुणाला लिहून दिलं नाही. मी हे इतकं लांबण लावून लिहिते आहे ते त्यासाठी.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांपाशी धान्य साठवायचे खड्डे सापडले. पेव म्हणतो ते हेच. आमच्या लहानपणी गावात एक पेव होतं, आत कडबा अंथरलेला, वर मातीने बुजवलेलं. आतली हवा दाणा आणि कीड मिळून वापरून टाकतात, मग कीड जगत नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी दोरीने पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर वाट बघायची. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं. आता "पेव फुटलं" एवढं बोलण्यात उरलंय.

यंदा एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. पोराच्या त्या प्रसंगानंतर तीन वर्षं त्याने घरी धान्य ठेवलंच नव्हतं, महिन्याचं पीठ विकत आणत होता. या वर्षी काकूने हट्ट धरला. ती आता खाटेवरूनच सगळं सांगते. कणगी लिंपून झाली होती, पाला सावलीत सुकत होता, ज्वारीला तीन उन्हं लागली होती.

"ताई, भरू का आज?"

"दाणा बघितलास?"

"थांब," तो म्हणाला. फोन बहुतेक खांद्याशी धरला असावा, माळवदावरचा वारा ऐकू येत होता. मागून काकूचा आवाज आला, "मधला घे, वरचा नको." पावलं वाजली, ज्वारी सळसळली, क्षणभर काहीच नाही.

मग कटकन.